मेहुण्याच्या ‘नाही’चे वजन

आमच्या बस कंपनीच्या आगारात मागच्या बाजूला, टायरच्या गोदामाला लागून, एक लांबट खोली आहे. प्रवासी बसमध्ये जे विसरतात ते तिथे येऊन पडते. छत्र्या, डबे, चष्मे, जोडीतला एकच बूट, आणि कुबड्यासुद्धा. कुबडी विसरून माणूस बसमधून खाली कसा उतरला असेल, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. या खोलीचा कारभार ज्याच्या हाती आहे त्याला सगळे आगार ‘खूणपटवे’ म्हणते. ते त्याचे आडनाव नाही. खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला तो एकच वाक्य ऐकवतो, “वस्तू मिळेल हो, आधी खूण पटवा,” म्हणून हे नाव पडले. ते इतके चिकटले की एकदा मोठ्या साहेबांनी भर सभेत त्याला त्याच नावाने हाक मारली आणि तोही ‘हजर’ म्हणाला.

मी हिशेब विभागात. शिक्षण वाणिज्याचे आणि स्वभावही तसाच. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की मला चहा जास्त गोड लागतो. विसरलेले सामान हाही एक मालसाठाच, असे कुणाच्या तरी डोक्यात आले आणि ही खोली माझ्या देखरेखीखाली आली. तेव्हापासून आमचे भांडण सुरू आहे.

“ही छत्री ‘काळी किंवा निळी’ म्हणजे काय रे?” मी विचारायचो.

“कंडक्टर म्हणाला काळी. झाडणारी बाई म्हणाली निळी.”

“छत्री तुझ्या नाकासमोर आहे ना? बघ आणि लिही.”

“मला हिरवट दिसते,” तो शांतपणे म्हणायचा. “आता तिघांपैकी दोघांना वेडं ठरवू, की तिघांनाही राहू देऊ?”

त्याचे एक ठाम मत होते. खऱ्या मालकाला आपली वस्तू धड सांगता येत नाही. रोज हातात असलेल्या वस्तूकडे माणूस बघत नाही, ती नुसती वापरतो. एकदा एक बाई आल्या. छत्री निळी, मूठ लाकडाची, म्हणाल्या. छत्री निघाली करडी आणि मूठ प्लास्टिकची. मी असतो तर त्यांना तिथूनच नमस्कार केला असता. खूणपटव्याने विचारले, “उघडताना काय होतं?”

“एक काडी हट्टाने मागे राहते. तिला थापट मारावी लागते. आमच्या ह्यांच्यासारखीच आहे ती.”

छत्री उघडली. एक काडी मागे राहिली. बाई छत्री घेऊन गेल्या. याउलट, एका गृहस्थाने बॅगेचा रंग, चेन, आतला खिसा असे सगळे घडाघडा सांगितले, बॅग उचलली आणि निघून गेला. थोड्या वेळाने खरा मालक घाम पुसत आला. तेव्हापासून फार बिनचूक बोलणाऱ्याला खूणपटवे खुर्ची देतो, पाणी देतो, पण वस्तू देत नाही.

घरी मात्र वेगळाच मामला. वहिनी म्हणतात, “जगाच्या वस्तू सांभाळतात आणि स्वतःचा चष्मा कपाळावर असताना मला कपाटं उपसायला लावतात.”

गेल्या वर्षी कंपनीने ठरवले की प्रवाशांनी फोनवर तक्रार द्यावी आणि कोणती वस्तू कुणाची, ती कुठे असेल, हे संगणकाने सुचवावे. त्यासाठी एक इंजिनीअर मुलगी आली. बोलणे भरभर आणि चहा आम्हा दोघांहून जास्त. ‘मॅडम’ म्हटलेले तिला आवडेना, म्हणून खूणपटवे तिला ‘पोरी’ म्हणू लागला आणि ती आम्हा दोघांना ‘काका’.

तिने केलेली पहिली मांडणी मला फार आवडली होती, कारण तिचे नियम काटेकोर होते. सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी धरायची आणि त्यावरून निष्कर्ष काढायचा. पहिल्याच आठवड्यात एक बाई छत्री शोधत आल्या. मुलगी म्हणाली, आपण यांच्यावरच चाचणी घेऊ. बाई म्हणाल्या छत्री काळी, बरोबर आलेली त्यांची सून म्हणाली काळी नाही. दोन्ही गोष्टी आत गेल्या. पडद्यावर उत्तर आले, ही छत्री तुमची. मग दुसरी छत्रीही तुमची. सायकलचा पंप तुमचा. कुबड्या तुमच्या. बघता बघता सगळी खोली बाईंच्या नावावर झाली.

“कुबड्या राहू द्या,” बाई म्हणाल्या, “पण तो स्टोव्ह बरा दिसतोय.”

बाईंना हसत हसत वाटेला लावल्यावर मी मुलीला विचारले, “यंत्र बिघडलं का गं?”

“नाही ना, काका! तेच तर. ते अगदी नियमाने चाललंय.” तिने कागदाच्या कपावर पेनाने लिहून दाखवले. “समजा, छत्री काळी आहे हे खरं. मग ‘छत्री काळी आहे किंवा पंप या बाईंचा आहे’ हेही खरंच, कारण निम्मं तर खरं आहेच. आता सून म्हणते, छत्री काळी नाही. ते पण खरं धरलंय आपण. मग पहिलं निम्मं गेलं. उरलं काय?”

“पंप बाईंचा!” खूणपटवे टाळी देत म्हणाला. “म्हणजे सासू-सुनेचं एका वाक्यावर पटलं नाही, तर आपली अख्खी खोली जाणार?”

“हो. एकच विसंगती घुसली की त्यातून वाटेल ते सिद्ध करता येतं.”

मी म्हणालो, “मग विसंगती असेल तर पुढे जाऊच नये यंत्राने.”

“मग ते कधीच पुढे जाणार नाही, काका. इथे विसंगती नसलेली एक तरी तक्रार आहे का?”

तेव्हा मला माझ्याच धंद्यातली गोष्ट आठवली. आमचा ताळा जमला नाही तर आम्ही काही दुकान बंद करत नाही. जो फरक असेल तो उचंत खात्यात टाकतो, म्हणजे ‘अजून ठरायचे आहे’ अशा एका वेगळ्या कप्प्यात, आणि बाकीचे काम चालू ठेवतो. खुलासा मिळाला की तो फरक तिथून उचलायचा. मी एवढे बोललो आणि मुलगी खुर्चीतून उठलीच. “काका, आमच्याकडे याला एवढं लांबलचक नाव आहे! मी शिकलेय ते. पण इथे वापरावं लागेल असं वाटलंच नव्हतं.”

दुसरी मांडणी तशी झाली. ज्या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात त्या बाजूला, आणि ज्या नांदतात त्यांच्यावर विचार पुढे चालू. शिवाय प्रत्येक सांगण्याला वजन. रंगाला थोडे, कारण रंगात सगळेच चुकतात. वास, आवाज, अडकणारी चेन यांना जास्त. ही वजने खूणपटव्याने सांगितली आणि मुलीने ती जुन्या प्रकरणांवर तपासून घेतली. काही ठिकाणी तो बरोबर होता, काही ठिकाणी साफ चुकला होता. वयस्कर लोक जास्त विसरतात, असे तो म्हणे. आकडे म्हणाले, परीक्षेला निघालेले विद्यार्थी जास्त विसरतात.

एक गोष्ट मला समजायला वेळ लागला. यंत्र प्रत्येक उत्तराचे तीन भाग दाखवायचे. ‘आहे’च्या बाजूचा पुरावा, ‘नाही’च्या बाजूचा पुरावा, आणि ‘माहीत नाही’.

“माहीत नाही म्हणजे निम्मं-निम्मंच की,” मी म्हणालो.

“कसं निम्मं?” खूणपटवे म्हणाला. “दोन साक्षीदार समोरासमोर भांडले, तर निम्मं-निम्मं. साक्षीदारच आला नाही, तर त्याला काय निम्मं म्हणशील? त्याला बोलावून आणायला हवं.”

इथवर सगळे गोडीत चालले होते. मग यंत्राने मेहुण्याला हात घातला.

वहिनींचा धाकटा भाऊ आमच्याच कंपनीत कंडक्टर आहे. खूणपटव्याचा त्याच्यावर भारी जीव. फेरी संपली की प्रत्येक कंडक्टर फोन करून गाडीत काही राहिले का ते सांगतो. मेहुण्याचा फोन सर्वांत आधी यायचा, म्हणून खूणपटव्याच्या लेखी तोच सर्वांत चोख. यंत्राने मात्र जुनी प्रकरणे चाळून एक दिवस दाखवले की या कंडक्टरच्या ‘नाही’ला जवळजवळ वजनच नाही.

“म्हणजे माझ्या बायकोच्या भावाला ते खोटारडा म्हणतंय?”

“खोटारडे नाहीत हो, काका,” मुलगी घाईने म्हणाली. “ते ‘आहे’ म्हणाले तर ते शंभर टक्के खरं असतं. फक्त ‘नाही’ म्हणतात तेव्हा... नंतर झाडताना बरंच काही सापडतं.”

“एखाद्या वेळी होतं तसं.”

“एखाद्या वेळी नाही.”

खूणपटव्याचा चेहरा पडला. घरी त्याने ही गोष्ट काढली, तेव्हा वहिनी हसतच सुटल्या. “लहानपणी आई त्याला माळ्यावरून काही आणायला पाठवायची ना, तर तो शिडीला हात लावून खालूनच ओरडायचा, ‘नाहीये!’” पण बहिणीने भावाची थट्टा करणे वेगळे आणि यंत्राने करणे वेगळे. दुसऱ्या दिवशी त्याने मुलीला सांगितले, “मेहुण्याचं वजन पूर्ण कर.”

“काका, ते मी ठरवलेलं नाही...”

“खोली कुणाची आहे?”

“तुमची,” ती म्हणाली, आणि तिने वजन पूर्ण केले.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, खिडकीशी एक सडपातळ म्हातारा आला. स्वच्छ कोट, हातात टोपी आणि आवाज इतका बारीक की खूणपटव्याला कान पुढे करावा लागला.

“आगाऊ हरवलाय,” तो म्हणाला.

“कोण आगाऊ?”

“आठ वर्षांचा आहे. मोठे डोळे, लाल टाय. बडबड्या आहे फार.”

मुलगी ताडकन उठली. “पोलिसांना फोन करू? आजोबा, शेवटचा कुठे होता तो?”

“सूटकेसमध्ये,” म्हातारा म्हणाला. “झोपलेला असतो प्रवासात.”

मुलीचा हात फोनवर तसाच राहिला. मग उलगडा झाला. हे गृहस्थ ओठ न हलवता बाहुल्याला बोलते करण्याचे खेळ करत, आणि आगाऊ हा त्यांचा लाकडी बाहुला. आयुष्यभर त्याच्याविषयी माणसासारखेच बोलल्यामुळे त्यांना दुसरे काही सुचतच नव्हते. सूटकेसचा रंग विचारला तर म्हणाले, “ते त्यालाच विचारायला हवं.”

सकाळी ते बाजारातल्या थांब्यावर बस बदलून, दोन बसने आले होते. सूटकेस दुसऱ्या बसमध्ये होती असे त्यांचे म्हणणे, कारण तिथे त्यांनी आगाऊशी बोलल्याचे त्यांना आठवत होते. ही दुसरी बस मेहुण्याची. त्याचा फोन केव्हाच येऊन गेला होता, ‘गाडीत काही नाही.’ पहिल्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, म्हातारा उतरला तेव्हा त्याच्या हातात फक्त टोपी होती, बहुतेक. सगळे यंत्रात गेले. मेहुण्याचे वजन पूर्ण, तेव्हा म्हाताऱ्याची आठवण बाजूला पडली आणि उत्तर आले, पहिली बस किंवा बाजारातला थांबा.

बसमध्ये बघितले. थांब्यावर माणूस पाठवला. शेजारच्या दुकानदारांना विचारले. काही नाही. एवढ्या वेळात दुपार कलायला लागली होती.

बाहुलेवाले बाकावर टोपी कुरवाळत बसले होते. खूणपटव्याने त्यांना चहा दिला आणि धीर द्यायला म्हणाला, “आज नाही तर उद्या सापडेल हो, आजोबा. लाकडाचा आहे, पळून जातोय कुठे?”

“उद्या उपयोग नाही,” ते म्हणाले. मग तुटक तुटक त्यांनी सांगितले. इस्पितळात मुलांच्या विभागात ते दर आठवड्याला खेळ करतात. तिथे एक लहान मुलगी आहे. उद्या सकाळी तिच्या पायाचे ऑपरेशन. ती कुणाचेच ऐकत नव्हती, पलंगाचा गज सोडत नव्हती. मागच्या खेळात तिने आगाऊशी करार केला. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याने येऊन पायाला प्लास्टर घालून दाखवायचे, मगच ती ऑपरेशनला जाणार.

“मी गेलो तर ती तोंड फिरवते,” ते म्हणाले. “तिचा माझ्यावर विश्वास नाही. आगाऊवर आहे.”

 इंजिनीअर मुलीने पडद्याकडे बघितले, खूणपटव्याकडे बघितले आणि नजर खाली केली. ‘मी सांगितलं होतं’ असे ती म्हणाली नाही, हे तिचे मोठेपण.

खूणपटव्याने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, “पोरी, मेहुण्याचं वजन आधी होतं तेवढं कर.”

तिने केले. पडद्यावरचे सगळे चित्र हलले. म्हाताऱ्याची आठवण बाजूच्या कप्प्यातून परत आली आणि दुसरी बस वर चढली. तरी ‘माहीत नाही’चा भाग मोठाच होता. खाली यंत्राने सुचवले होते, ही शंका कमी करायची तर बस धुणाऱ्याला विचारा. त्याला आम्ही कुणी विचारलेच नव्हते.

मी दुसऱ्या टोकाच्या आगारात फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. धुणाऱ्याने ती बस नुकतीच पाण्याखाली घेतली होती. “सूटकेसबिटकेस काही नाही, साहेब,” तो म्हणाला, आणि बाहुलेवाल्यांनी डोळे मिटले. “पण थांबा. शेवटच्या लांब सीटच्या खाली लहान मुलाचा बूट दिसतोय... अहो साहेब! बुटात पाय आहे!”

“पाणी बंद कर!” खूणपटवे माझ्या हातातला फोन ओढून ओरडला. “आणि घाबरू नकोस, तो आमचाच आहे!”

आम्ही चौघे कंपनीच्या जीपमधून निघालो. ब्रेकच्या धक्क्याने सूटकेस घसरत मागे जाऊन सीटच्या लोखंडी चौकटीखाली घुसली होती आणि झाकण उघडून आगाऊचा पाय बाहेर अडकला होता. मेहुणा तिथेच उभा होता.

“दाजी, शपथ, मी बघितलं होतं!”

“कुठून बघितलंस?”

मेहुण्याने जरा विचार केला. “दारातून.”

“माळ्यावर चढायचं असतं रे,” खूणपटवे म्हणाला, आणि त्याच्या पाठीत एक गुद्दा घालून हसायला लागला. “तुझी ताई बरोबर सांगत होती. आता वाक आणि काढ त्याला बाहेर.”

मेहुणा गुडघ्यांवर बसला, मग पालथा झाला आणि गणवेशाची पर्वा न करता सीटखाली शिरला. बाहुला निघाला, पण डावा पाय गुडघ्याखाली तडकला होता. बाहुलेवाल्यांनी तडा बोटाने चाचपला आणि त्यांचे ओठ हलले. तो आवाज आगाऊचा नव्हता, त्यांचा स्वतःचाच होता. “असा कसा नेऊ मी याला?”

“असाच,” मुलगी म्हणाली. “चला, उशीर होईल.”

मुलांच्या विभागात पलंगांच्या दोन रांगा होत्या. ती मुलगी खिडकीजवळच्या पलंगावर, गज धरून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. आम्ही दाराशी थांबलो. बाहुलेवाले स्टुलावर बसले, आगाऊला मांडीवर घेतले, आणि त्या गप्प माणसातून एक खणखणीत, उर्मट आवाज निघाला, “ए, जरा सरक की! मोडका पाय घेऊन मी उभा राहू का?”

मुलीने मान वळवली. तिने पाय बघितला. खोटे खोटे प्लास्टर ठरले होते, हा तर खराच तडा होता.

“कसं झालं?”

“बसखाली नाही, सीटखाली आलो.”

“दुखतंय?”

“दुखतंय पण, आणि नाही पण.”

“दोन्ही कसं असेल?”

“मला काय माहीत? लाकडाचा आहे मी. तुला भीती वाटते का?”

मुलीने बराच विचार केला. “वाटते पण, आणि नाही पण.”

दाराशी इंजिनीअर मुलगी माझ्या कानात पुटपुटली, “काका, हिच्यापुढे माझं यंत्र काय घेऊन बसलात!”

नर्सबाईंनी खरे प्लास्टर भिजवून आणले. कुणीतरी पाय सरळ धरायला हवा होता. खूणपटवे चपला काढून पुढे गेला आणि त्याने आगाऊचा बूट दोन्ही हातांत असा धरला, जणू एखाद्या पाहुण्याचा पाय आहे. आगाऊ मात्र त्याला सोडेना. “हळू, टकलू! गुदगुल्या होतात!” सगळा विभाग हसला आणि खूणपटव्याचे कान लाल झाले. मुलगी पलंगावरून पुढे वाकून पट्टीचा प्रत्येक वेढा तपासत होती आणि एके ठिकाणी तिने नर्सबाईंना पुन्हा घालायला लावला.

प्लास्टर वाळायला ठेवले, तेव्हा तिने त्यावर बोटाने टकटक करून बघितले. मग नर्सबाईंकडे वळून विचारले, “माझं पण एवढंच जाड असेल?”

“याच्याहून छान असेल.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि पलंगाचा गज सोडून उशीवर आडवी झाली. “पण सकाळी याला माझ्या शेजारी झोपवा. एकटा घाबरेल तो.”